पोटावरची माती

पहाटे साडेपाचला उघड्या पोटावर गार मातीचा थर पडला की माणसाच्या तोंडून देवाचं नाव येत नाही, बायकोचं येतं. हे निरीक्षण माझं नव्हे, शेजारच्या खाटेवरच्या ड्रायव्हरकाकांचं. एसटीत सव्वीस वर्षं स्टिअरिंग धरलेला माणूस. साखर, पोट आणि कंबर असा तिहेरी माल घेऊन आलेला. त्यांना इथं पाठवलं होतं बायकोनंच. त्यामुळे रोज पहाटे ते तिचा उद्धार करत आणि मग वीस मिनिटं मुकाट पडून राहत.

माती थापणाऱ्या मावशींचा हात भाकरीचा होता. शेतातली काळी माती, वरचा फूट-दीड फूट थर बाजूला सारून खालची काढलेली. ती उन्हात वाळवायची, कुटायची, चाळायची. खडा किंवा मूळ राहू द्यायचं नाही. रात्री पाण्यात भिजत टाकायची. सकाळपर्यंत ती थालीपिठाच्या पिठासारखी मऊ होते. मग दीड वीत लांब, वीतभर रुंद सुती फडक्यावर बोटभर जाडीनं थापायची, कडा दुमडायच्या आणि बेंबीच्या खालपर्यंत बसेल अशी ठेवायची. "दादा, हलू नका, ओघळ येतो कमरेत," असं म्हणून मावशी पुढच्या खाटेकडे जात. पहिली दोन मिनिटं पोट आत ओढलं जातं. मग मातीचा गारवा आणि अंगाची ऊब यांची तडजोड होते. दहाव्या मिनिटाला पोटात गुरगुर सुरू होते आणि रांगेतल्या बारा पोटांची जुगलबंदी ऐकत आपण पुन्हा पेंगायला लागतो.

पुणे जिल्ह्यातल्या एका निसर्गोपचार केंद्रात मी दहा दिवस राहिलो. त्याचं नाव सांगत नाही, कारण पुढे त्याच्याबद्दल एकदोन कडू गोष्टीही लिहायच्या आहेत. रक्तदाब १५०च्या वर, वजन वयाला न शोभणारं, रात्री दोनला जाग आणि सकाळी आम्लपित्त. माझे नेहमीचे डॉक्टर म्हणाले होते, "जरूर जा. फक्त गोळी बंद करू नका." गोळ्यांची पट्टी मी शर्टाच्या खिशात ठेवली होती.

पहिल्याच दिवशी मावशींना विचारलं, ही मातीची विद्या कुणाची? "आपलीच की. ऋषिमुनींची." केंद्राच्या भिंतीवरच्या फलकाचंही म्हणणं तेच होतं.

खरं उत्तर जर्मन मुलखातलं आहे. माती, पाणी, ऊन, उपास हे सगळं आपल्याकडे होतंच. तापात लंघन आणि पेज हे आजीचं शास्त्र कुठल्या पुस्तकातून आलेलं नव्हतं. पण निसर्गोपचार नावाची जी बांधीव पद्धत आपण आज पाहतो, तिचे आईबाप युरोपातले. सायलेशियातल्या ग्रेफेनबर्गचा एक शेतकरी, विन्सेन्ट्स प्रिसनिट्झ, पोरवयात गाडीखाली सापडून बरगड्या मोडून घेतो, ओल्या फडक्यांनी स्वतःला बरा करतो, आणि पुढे त्याच्या डोंगरावरच्या गार पाण्यासाठी युरोपातले सरदार रांगा लावतात. बव्हेरियातला पाद्री सेबास्टियन क्नाइप क्षयातून उठतो तो डॅन्यूबच्या थंड पाण्यात बुड्या मारून, अशी त्याची श्रद्धा. लाइप्झिगचा लुई कूने सगळे रोग एकच, कारणही एकच, शरीरात साठलेलं विजातीय द्रव्य, असा सिद्धान्त मांडतो आणि कटिस्नानाचा टब घराघरांत पोहोचवतो. मातीचं वेड मुख्यतः ॲडॉल्फ जस्टचं. त्याचं निसर्गाकडे परत चला सांगणारं पुस्तक दक्षिण आफ्रिकेत मोहनदास करमचंद गांधी नावाच्या बद्धकोष्ठानं आणि डोकेदुखीनं त्रासलेल्या वकिलाच्या हाती पडलं. त्यानं रात्री झोपताना पोटावर ओल्या मातीचं फडकं बांधलं, आणि ती माती पुढे आपल्याकडे आली.

यात कमीपणा काहीच नाही. उलट त्या काळाकडे पाहिलं तर या मंडळींचा मान वाढतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पदवीधर डॉक्टर काय करत होते? रक्त काढत होते, जळवा लावत होते, पारा पाजत होते. प्रिसनिट्झच्या गार पाण्यानं रोग जात असेल नसेल, निदान रोगी डॉक्टरच्या तावडीतून सुटत होता. जंतुनाशकं नव्हती, प्रतिजैविकं नव्हती. अशा वेळी स्वच्छ हवा, विश्रांती, साधं अन्न आणि अंग घासून आंघोळ हे त्या काळच्या औषधांच्या तुलनेत हलकं पडत नव्हतं. आज या पद्धतीची परीक्षा घेताना ती कुठल्या काळात जन्मली हे विसरायचं नाही. आणि तिच्या भक्तांनी काळ पुढे सरकला हे विसरायचं नाही.

गांधीजींच्या आत्मकथेत मुंबईतला एक प्रसंग आहे. १९०२ साल, बिऱ्हाड गिरगावात. दहा वर्षांच्या मणिलालला विषमज्वर झालेला, त्यात न्यूमोनियाची लक्षणं. पारशी डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचा रस्सा सुचवला. गांधीजींनी दोन्ही नाकारलं. कूनेच्या पद्धतीचं तीन-तीन मिनिटांचं कटिस्नान, पाणी घातलेला संत्र्याचा रस, आणि ताप १०४वर गेला तेव्हा ओल्या चादरीची लपेट. मुलाला चादरीत गुंडाळून, त्याच्या आईवर सोपवून ते चौपाटीवर फेऱ्या मारायला गेले. परत आले तेव्हा पोराला दरदरून घाम फुटलेला. मणिलाल वाचला. हा प्रसंग सांगून झाल्यावर गांधीजी जे करतात ते मला महत्त्वाचं वाटतं. देवानं वाचवलं, पाण्यानं, की आहार आणि शुश्रूषेनं, याचा निवाडा कोण करणार, असं ते मोकळेपणानं विचारतात. स्वतःच्या यशाबद्दल इतकी शंका आजच्या कुठल्याही निसर्गोपचार केंद्राच्या माहितीपत्रकात मला आढळलेली नाही.

आमचा दिनक्रम घंटेवर चाले. पाचला उठवण, मग माती, एनिमा, योगवर्ग, आठला रस. रस म्हणजे दुधी, कोहळा किंवा गव्हांकुर; कोहळ्याचा बरा लागतो. दुपारी एक भाकरी किंवा दोन फुलके, उकडलेली भाजी, कोशिंबीर, ताक. मीठ नाही. तिसऱ्या दिवसापर्यंत मीठ नसणं म्हणजे काय ते कळत नाही. चौथ्या दिवशी काकडीलाच चव येते आणि माणूस चक्रावतो. संध्याकाळी सहाला जेवण संपलेलं असे. त्यानंतर आठ वाजेपर्यंत व्हरांड्यात एकच विषय: खाणं. लातूरचे एक निवृत्त मास्तर निलंग्याच्या राइसचं वर्णन असं करत की दोन जणांनी उठून जावं. "एकादशी दुप्पट खाशी म्हणतात ना," काका म्हणाले, "ही एकादशी संपू दे, मी चौपट खाणार आहे."

एनिमाबद्दल सभ्य भाषेत फार लिहिता येत नाही. पण तिथल्या व्याख्यानात रोज एक शब्द यायचा: टॉक्सिन. कूनेचं विजातीय द्रव्य आता इंग्रजी नावानं वावरतं. मी एकदा विचारलं, कुठलं टॉक्सिन? नाव काय त्याचं? तपासणीत दिसतं का? उत्तर आलं, "श्रद्धा ठेवा." मला हे पटलं नाही. रक्त गाळायला मूत्रपिंडं आहेत, विषारी घटकांचा निकाल लावायला यकृत आहे, आणि दोघंही विनातक्रार चोवीस तास कामावर असतात. दहा दिवसांत मला बरं वाटलं ते खरं. पण त्याचं कारण शोधायला अदृश्य विषाची गरज नव्हती. मी दहा दिवस नऊला झोपत होतो, रोज सात किलोमीटर चालत होतो, मीठ जवळजवळ खात नव्हतो, फोन कपाटात होता आणि कुणी माझ्याकडे लेख मागत नव्हतं.

मधल्या रविवारी परवानगी काढून उरुळी कांचनला गेलो. पुण्याहून सोलापूर रस्त्यानं तीसेक किलोमीटर. आता शहर तिथवर पोहोचलं आहे. १९४६ साली हे रेल्वे स्टेशन असलेलं खेडं होतं, आणि ते निवडलं गेलं याच्यामागे गांधीजींची एक जाहीर कबुली आहे.

पुण्यात ताडीवाला रस्त्यावर डॉ. दिनशा मेहता यांचं निसर्गोपचाराचं क्लिनिक होतं. गांधीजी तिथं वेगवेगळ्या मुक्कामांत मिळून १५६ दिवस राहिले. १८ नोव्हेंबर १९४५ रोजी तिथं अखिल भारतीय निसर्गोपचार ट्रस्ट स्थापन झाला. गांधीजी त्याचे अध्यक्ष. आता हा दिवस निसर्गोपचार दिन म्हणून पाळतात. मूळ बेत असा की हेच क्लिनिक गरिबांसाठी चालवायचं. पण काही महिन्यांतच गांधीजींच्या ध्यानात आलं की शहरात गरिबांसाठी संस्था उभी करू पाहणं हाच मूर्खपणा आहे. गरीब रोगी खेड्यात आहे. तो रेल्वेचं भाडं भरून पुण्यात टबात बसायला येणार नाही; वैद्यानंच त्याच्याकडे जायला हवं. हे त्यांनी स्वतःला नावं ठेवत जाहीरपणे लिहिलं आणि बाडबिस्तरा उचलला.

२२ मार्च १९४६ला ते उरुळीत उतरले. पहिल्याच दिवशी तीसेक रोगी आले. उपचार ठरलेले: ऊन, कटिस्नान, घर्षणस्नान, दूध-ताक, फळांचा रस आणि रामनाम. आठवडाभर हे चाललं. रोग्याला बरं करण्याइतकाच भर गाव झाडण्यावर, शौचकूपावर, पिण्याच्या पाण्यावर. खेड्यातला निसर्गोपचार त्या खेड्यातच मिळणाऱ्या वस्तूंनी व्हायला हवा, ही अट होती. माती गावची, पाणी गावचं, ऊन फुकट. महागडी फळं किंवा उपकरणं लागत असतील तर तो श्रीमंतांचा शौक. गावच्या महादेव तात्याबा कांचन यांनी आश्रमासाठी जमीन दिली. तेवढ्यात दिल्लीत कॅबिनेट मिशन येऊन थडकलं आणि ३० मार्चला गांधीजींना निघावं लागलं.

ते गेले, पण मणिभाई देसाई राहिले. सुरतेकडचा पंचविशीतला विज्ञानाचा पदवीधर. माझी राख याच गावात पडेल, असा शब्द त्यानं गांधीजींना दिला होता आणि १९९३ साली जाईपर्यंत तो पाळला. रोग्यांना ताजं दूध हवं म्हणून गीर गाई आल्या, गाईंना चारा हवा म्हणून शेती सुधारली, त्यातून १९६७ साली बाएफ ही संस्था उभी राहिली. पुढे देशभरच्या हजारो खेड्यांत संकरित गाई आणि कृत्रिम रेतनाचं काम पोहोचलं. १९८२ साली मणिभाईंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दुधाच्या एका पेल्यातून एवढा पसारा. गंमत म्हणजे महाराष्ट्रात योगाच्या इतिहासातही एक मणिभाई देसाई आहेत. त्यांनी १९१८ साली वर्सोव्यात, दादाभाई नौरोजींच्या बंगल्यात, योगसंस्था काढली. आज ती सांताक्रूझला आहे, आणि हे मणिभाई जगाला श्रीयोगेंद्र या नावानं माहीत आहेत. दोघांची गल्लत करणारे लेख मी वाचले आहेत. एक तर मीच लिहिणार होतो.

उरुळीच्या आश्रमात सावली भरपूर आहे. रोगी आजही येतात, सकाळच्या उन्हात माती लावून बसतात. मी बराच वेळ एका बाकावर बसलो आणि मनात सारखं पुण्याचं ससून रुग्णालय येत राहिलं.

कारण निसर्गोपचाराचं हे थोर प्रकरण ससूनशिवाय पुरं होत नाही. १९०९च्या 'हिंद स्वराज'मध्ये गांधीजींनी इस्पितळांवर झोड उठवली होती. जानेवारी १९२४मध्ये येरवड्यात कैदी असताना त्यांच्या पोटात दुखायला लागलं. आंत्रपुच्छाचा दाह. १२ जानेवारीला त्यांना ससूनमध्ये हलवलं आणि त्याच रात्री कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. बाहेर वादळ होतं. मधेच वीज गेली आणि उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात उरकावं लागलं. त्या पोटावर माती घालून बसले असते तर पुढची चोवीस वर्षं मिळाली असती का, याचं उत्तर कुठलाही शल्यविशारद एका शब्दात देईल. गांधीजींनी सही केली आणि ते टेबलावर झोपले. तीच व्यक्ती वीस वर्षांनी आगाखान पॅलेसमध्ये, कस्तुरबांच्या शेवटच्या दिवसांत, विमानानं मागवलेलं पेनिसिलीन त्यांना टोचू नये असं सांगते. कस्तुरबांचं हृदय आणि फुप्फुसं तोवर पार थकली होती, औषधानं फरक पडला असता असं ठामपणे म्हणता येत नाही. मुलगा देवदास मात्र ते टोचावंच असा हट्ट धरून बसले होते. या दोन रात्री शेजारी ठेवल्या की मी दरवेळी अस्वस्थ होतो. दोन्ही वेळा माणूस तोच आहे, पोट मात्र एकदा स्वतःचं आहे. त्याला ढोंग म्हणणं सोपं आहे, मला ते पटत नाही. पण दोन्ही गोष्टी सांगितल्याशिवाय त्यांच्या निसर्गोपचारावर लिहू नये असं मात्र वाटतं.

१९२४ हेच साल लोणावळ्याचंही. ससूनमध्ये शस्त्रक्रिया झाली त्याच वर्षी, तिथून साठ-पासष्ट किलोमीटरवर, जगन्नाथ गणेश गुणे म्हणजे स्वामी कुवलयानंद यांनी कैवल्यधाम स्थापन केलं. योगाबद्दल आपण जे काही आज आत्मविश्वासानं बोलतो त्यातलं निम्मं या माणसाच्या खटाटोपावर उभं आहे. डभोईला जन्म, संस्कृतचे विद्वान, खानदेशात अमळनेरच्या राष्ट्रीय शाळेत शिक्षक. बडोद्याला माणिकरावांच्या आखाड्यात व्यायाम शिकलेले, मग नर्मदाकाठी माळसरच्या माधवदासजींकडे योग. गुरूवर श्रद्धा होतीच. पण त्यांना एक प्रश्न छळत होता. नौली करताना, पोटाचे स्नायू खांबासारखे उभे करताना, योगी गुदद्वारातून पाणी वर ओढतात. बस्ती म्हणतात ती हीच. पंप नाही, नळी नाही, मग पाणी चढतं कसं?

कुणी म्हणालं असतं सिद्धी. यांनी क्ष-किरण यंत्र गाठलं. १९२०-२१च्या सुमारास बडोद्याच्या सरकारी इस्पितळात त्यांनी उड्डियान आणि नौली करणाऱ्यांची क्ष-किरण चित्रं घेतली, आतड्यात दाबमापक सोडला. नौलीत मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. पोकळी निर्माण होते आणि पाणी आपोआप आत खेचलं जातं. त्या पोकळीला त्यांनी गुरूचं नाव दिलं, माधवदास व्हॅक्यूम. मला हे नाव फार आवडतं. शिष्यानं गुरूचा चमत्कार काढून घेतला आणि त्याच श्वासात गुरूला विज्ञानाच्या पानावर अमर केलं. त्यांचं 'योगमीमांसा' हे नियतकालिकही १९२४चंच. निम्मं प्रयोगांचे आकडे आणि निम्मं साधनेची रीत. १९२७ साली गांधीजींचा रक्तदाब चढला तेव्हा त्यांनी कुवलयानंदांचा सल्ला घेतला आणि दोघांत पत्रव्यवहार चालला.

लोणावळ्यातला हा रक्तदाबाचा धागा पुढे परळला केईएम रुग्णालयात निघाला. डॉ. के. के. दाते हे तिथले हृदयरोगतज्ज्ञ. त्यांनी कैवल्यधामच्या विनेकरांना बरोबर घेऊन उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवलं आणि १९६९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. रोज अर्धा तास आडवं पडायचं, श्वासाकडे आणि नाकपुड्यांतल्या गारव्याकडे लक्ष द्यायचं, बाकी काही नाही. अनेकांचा दाब उतरला, औषध घेणाऱ्या बऱ्याच जणांचा डोस कमी करता आला. ज्यांच्या धमन्या आधीच कडक झाल्या होत्या त्यांना फारसा उपयोग झाला नाही, हेही त्यांनी लिहिलं. आजच्या कसोट्यांनुसार या अभ्यासात त्रुटी आहेत. तुलनेसाठी सोडत पद्धतीनं निवडलेला वेगळा गट नव्हता. पण महापालिकेच्या रुग्णालयातला एक मोठा डॉक्टर रोग्यांना खाटेवर नुसतं पडायला शिकवतो आणि रक्तदाबमापक घेऊन शेजारी बसतो, हे चित्र मनातून जात नाही. १९८५ साली बंगळूरच्या नागरत्ना आणि नागेंद्र यांनी दम्याच्या ५३ रुग्णांवर योगाचा अभ्यास केला, तो 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'नं छापला. कंबरदुखीत योगानं थोडा ते मध्यम आराम पडतो, असं अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो. थोडा ते मध्यम. जाहिरातीत हे शब्द बसत नाहीत.

पुण्यात हे काम वेगळ्या अंगानं झालं. लहानपणी क्षय, हिवताप, विषमज्वर यांनी पोखरलेला एक तरुण १९३७ साली गुरूच्या आज्ञेवरून म्हैसूरहून पुण्याला आला. ते बी. के. एस. अय्यंगार. ज्याला वाकता येत नाही त्याच्यासाठी आसनच बदलायचं, हा त्यांचा हिशेब. खुर्ची, पट्टा, वीट, उशी, भिंतीतल्या दोऱ्या. १९७५ साली शिवाजीनगरला उघडलेल्या त्यांच्या संस्थेत दुखणेकऱ्यांचा वेगळा वर्ग असतो. गुडघ्याखाली गुंडाळी किती इंच असावी यावर तिथं जो खल होतो तो पाहताना मला शिंपीकाम आठवतं. योग सर्वांना सारखा, असं म्हणणाऱ्यांनी तो वर्ग बघावा. शीर्षासनात डोळ्यातला दाब जवळजवळ दुप्पट होतो. काचबिंदू असलेल्या माणसाला ते सर्वांबरोबर करायला लावणारा शिक्षक जून महिन्यात योग दिनाच्या मैदानावर सहज सापडतो.

उपासाबद्दलही सांगण्यासारखं आहे. २०१७च्या अखेरीस 'लॅन्सेट'मध्ये ब्रिटनमधला एक अभ्यास आला. टाइप दोनचा मधुमेह सहा वर्षांच्या आतला, इन्सुलिन न लागणारे रोगी. त्यांना तीन ते पाच महिने दिवसाला साडेआठशेच्या आसपास उष्मांकांवर ठेवलं, मग हळूहळू नेहमीच्या अन्नावर आणलं. वर्षाअखेर ४६ टक्के लोकांची साखर औषधाशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती. नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात हे प्रमाण ४ टक्के. पंधरा किलोंहून जास्त वजन उतरवणाऱ्यांत तर ८६ टक्के. आमच्या केंद्रात रसाहारावर साखर खाली येते ती याच वाटेनं येते. दुसऱ्या वर्षी तो ४६चा आकडा ३६वर घसरला. लोक घरी गेले होते ना.

आणि त्या अभ्यासात औषधं पहिल्या दिवशी बंद झाली, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. हे वाक्य मी जाड ठशात छापावं असं संपादकांना सांगणार होतो. माझी एक मावशी वीस वर्षं इन्सुलिनवर होती. कुठल्याशा शिबिरात तिला सांगितलं गेलं की सुई हेच विष, महिनाभर रस प्या. तिनं अकरा दिवस प्यायला. बाराव्या दिवशी तिला उलट्या आणि धाप यांसह अतिदक्षता विभागात न्यावं लागलं. ती वाचली. मूत्रपिंडं मात्र तिथून पुढे कधी सावरली नाहीत. उलट गोष्टही तितकीच खरी: साखर उतरवणारी गोळी चालू ठेवून उपास केला तर माणूस रस्त्यात भोवळ येऊन पडतो. आमच्या केंद्रात सहाव्या दिवशी काकांचं असंच झालं. योगवर्गात त्यांना घाम फुटला, जीभ अडखळली. गोळी आणि रस दोन्ही चालू होते आणि कुणी हिशेब जुळवला नव्हता. ड्युटीवरचा उपचारक "शुद्धीचा झटका आहे, चांगलं लक्षण," म्हणाला. लातूरच्या मास्तरांनी खिशातून खडीसाखर काढून काकांच्या तोंडात कोंबली. मास्तरांच्या खिशात खडीसाखर कशी होती, हा प्रश्न त्या दिवशी कुणी विचारला नाही.

उपचारकानं कुठं शिक्षण घेतलं होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. साडेपाच वर्षांचा बीएनवायएस अभ्यासक्रम आहे, इंटर्नशिप धरून. शरीररचना, विकृतिशास्त्र, सगळं शिकून बाहेर पडलेली मुलं-मुली आहेत. माझ्या पाहण्यातली दोघं तर उत्तम आहेत आणि रोग्याला वेळेवर इस्पितळात धाडतात. पण भारतीय चिकित्सा पद्धतींसाठी २०२० साली राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला त्यात आयुर्वेद, युनानी, सिद्ध, सोवा-रिग्पा आले. योग आणि निसर्गोपचार बाहेर राहिले. त्यामुळे साडेपाच वर्षं शिकलेला आणि दोन आठवड्यांचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलेला, दोघांच्या पाट्या शेजारी लटकतात आणि रोग्याला फरक कळत नाही. ताडीवाला रस्त्यावरच्या त्याच जुन्या वास्तूत, बापू भवनात, १९८६पासून केंद्र सरकारची राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे. तिथं बाह्यरुग्णांना माफक पैशांत मातीपट्टी मिळते. शहरात गरिबांसाठी काही चालू शकतं, एवढ्यापुरता तरी गांधीजींचा अंदाज चुकला. दुसऱ्या टोकाला डोंगरउतारावरची आरोग्यस्थळं आहेत. तिथं माती इथल्यासारखीच, फडकं तागाचं, आणि आठवड्याच्या मुक्कामात काकांचा दोन महिन्यांचा पगार जाईल.

मी विचारलं तेव्हा काका म्हणाले होते, "साहेब, रजा मिळाली म्हणून आलो. पैशाचं सोडा, दहा दिवस सलग रजा मिळणं हाच आजारावरचा उपाय आहे. ती कोण देतो?" माती आणि रसांपेक्षा मोठं औषध तिथं कुठलं असेल तर ते वेळ होतं. घंटा कुणीतरी दुसराच वाजवतो, ताट कुणीतरी दुसराच वाढतो, आणि नको म्हणायची ताकद आपल्याला लावावी लागत नाही. गांधीजींना नेमकं हे नको होतं. रोग्यानं उपचार शिकून घरी न्यावा, पुन्हा दारात येऊ नये, असा त्यांचा हट्ट होता. त्या मापानं मोजलं तर पाचव्यांदा, आठव्यांदा येणारे रोगी ही संस्थेची कीर्ती ठरत नाही. आमच्या व्हरांड्यात एक शेटजी चौदाव्यांदा आले होते आणि त्यांचा सत्कार झाला.

निघताना माझं वजन तीन किलो चारशे ग्रॅम उतरलं होतं, रक्तदाब १३२ वर ८४. डॉक्टरांनी गोळी अर्धी केली. दिवाळीच्या फराळाचं तळण सुरू झालं तेव्हा दोन किलो परत आले. झोप मात्र टिकली आहे, आणि दुपारी दार लावून शवासन. घरातले म्हणतात, झोपतो म्हण ना सरळ.

परवा काकांचा फोन आला. स्वारगेटच्या स्टँडवरून. मागे अनाउन्समेंट चालू होती. साखर बरी आहे म्हणाले. आता गोळ्या तालुक्याच्या डॉक्टरांकडून मोजून घेतात. बायको भाकरी आणि मेथीची भाजी डब्यात देते, पण गाडी ज्या हॉटेलावर थांबते तिथं वडे तळत असतात आणि कंडक्टर अर्धी भाकरी पळवतो. गावाकडून पोतंभर काळी माती आणून ठेवलीय. चाळली, भिजवली, सगळं मावशींसारखं.

"मग वहिनी थापतात का?"

"ती कसली उठतेय साडेपाचला! म्हणाली, तुमचं पोट, तुमची माती." तेवढ्यात कुणीतरी त्यांच्या गाडीचा नंबर पुकारला. "मीच थापतो. निम्मी चादरीवर जाते. ठेवू का? गाडी लागली."